फ्रोजन शोल्डर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खांदा आखडलेल्यांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट जवळपास प्रत्येक उत्तरात येईल: आजार कोणत्या टप्प्यात आहे हे आधी ठरवायचं आणि मग उपाय निवडायचा. एका टप्प्यात गुण देणारा व्यायाम दुसऱ्या टप्प्यात खांदा पेटवतो. बहुतेक लोकांचे हाल इथेच होतात.

१. फ्रोजन शोल्डरमध्ये खांद्याच्या आत नेमकं काय बिघडतं?

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. सैल झब्ब्याच्या काखेत जसा जास्तीचा कपडा ठेवलेला असतो, तशी या आवरणालाही काखेच्या बाजूला घडी असते आणि हात वर करताना ती उलगडते. या आजारात आवरणाला आधी आतून सूज येते, मग ते जाड आणि ताठ होतं आणि घडी मिटून जाते. निरोगी खांद्यात २० मिलिलिटरच्या आसपास द्रव सहज मावतो. पूर्ण आखडलेल्या खांद्यात अनेकदा १० मिलिलिटरही मावत नाही. आवरणाचा पुढचा-वरचा भाग सगळ्यात जास्त आवळला जातो, म्हणून हात बाहेरच्या बाजूला फिरवणं सर्वांत आधी जातं.

रिपोर्टवर ‘ॲडहेसिव्ह कॅप्सुलायटिस’ किंवा ‘पेरिआर्थ्रायटिस शोल्डर’ असं लिहिलेलं असेल, तर बहुतेक वेळा तो हाच आजार असतो.

२. खांदा दुखतोय. हे फ्रोजन शोल्डरच आहे का, हे घरी कसं ओळखू?

आरशासमोर उभे राहा. दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवा, अंगठे वर. आता कोपर न सोडता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. चांगला हात सहज ५०-६० अंश उघडतो. दुखरा हात २०-३० अंशांवर थांबला, तर शंका घ्यायला जागा आहे. मग घरच्या कुणाला तरी दुखऱ्या हाताचं मनगट धरून हलकेच बाहेर न्यायला सांगा. दुसऱ्याने नेला तरी तो तिथेच अडला, तर फ्रोजन शोल्डरची शक्यता बरीच आहे.

तुम्हाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला की आरामात वर जातो? मग स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) फाटलेला असू शकतो. मान वळवल्यावर कळ येते, ती कोपराखाली बोटांपर्यंत जाते, मुंग्या येतात? तर दोष मानेत शोधावा लागेल. कालपर्यंत काहीच नव्हतं आणि एका रात्रीत असह्य दुखायला लागलं, तर स्नायूबंधात कॅल्शियमचे खडे जमलेले असू शकतात. ते एक्स-रेत दिसतात.

३. मी काही जड उचललं नाही, पडलो नाही. मग हे झालं कसं?

बऱ्याच जणांत ठोस कारण सापडतच नाही. हा आजार साधारण ४० ते ६० या वयात आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. शंभरातल्या २ ते ५ लोकांना आयुष्यात कधीतरी तो गाठतो. मधुमेह आणि थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांत प्रमाण वाढतं. हात बरेच दिवस बांधून किंवा न हलवता ठेवला, तरी खांदा आखडतो (प्रश्न २३). ‘गार पाण्याने झालं’, ‘पंख्याखाली झोपल्याने झालं’ यांत तथ्य नाही. उगाच स्वतःला दोष देऊ नका.

४. दुखतोय खांदा आणि डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली. कशासाठी?

बरोबर सांगितलं आहे. साखर बराच काळ जास्त राहिली की ती शरीरातल्या कोलॅजनला चिकटते आणि कोलॅजनचं बनलेलं हे आवरण ताठ होतं. मधुमेहींमध्ये हा आजार इतरांच्या कितीतरी पट जास्त दिसतो, लांबतो आणि दोन्ही खांद्यांत होण्याची शक्यताही जास्त असते. काही जणांना आपल्याला मधुमेह आहे हे खांद्यामुळेच कळतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइड) या दोन तपासण्या पुण्यात कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होतात. वर्षभरात केल्या नसतील, तर आधी त्या करा.

५. हे बरं व्हायला किती दिवस लागतात?

दिवसांत मोजू नका, निराशा येईल. साधारण एक ते तीन वर्षं धरा. त्यात तीन टप्पे असतात.

पहिला दुखण्याचा: २ ते ९ महिने. रात्री ठणका, धक्का लागला की डोळ्यांत पाणी, हालचाल हळूहळू कमी. दुसरा आखडलेला: ४ ते १२ महिने. ठणका ओसरतो, पण हात एका हद्दीपलीकडे जातच नाही. दुखतं ते फक्त त्या हद्दीवर. तिसरा मोकळं होण्याचा: पाच-सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत.

टप्प्यांच्या सीमारेषा स्वच्छ नसतात. ओळखायची सोपी खूण अशी: हात मांडीवर ठेवून शांत बसल्यावरही दुखतं का? हो, तर पहिला टप्पा. शांत बसल्यावर काही नाही, फक्त ताणल्यावर दुखतं, तर दुसरा किंवा तिसरा.

आपोआप बरं होतं म्हणून काहीच करू नका, हा सल्लाही आम्हाला पटत नाही. पहिल्या टप्प्यातलं दुखणं औषधाने बरंच कमी करता येतं, आणि काही जणांत थोडा आखडलेपणा कायमचा उरतो.

६. एक्स-रे नॉर्मल आला. आता एमआरआय करायचा का?

फ्रोजन शोल्डरमध्ये एक्स-रे नॉर्मलच यायला हवा. झीज, कॅल्शियम, निखळलेला सांधा, हाडातली गाठ यांतलं काही नाही, हे पाहण्यासाठी तो काढतात. निदान होतं ते हाताने तपासून. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. स्नायूबंध फाटल्याची शंका असेल, मार लागलेला असेल, किंवा उपचार करूनही चित्र जुळत नसेल, तर तो कामाचा. पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या खांद्यांतही एमआरआयवर स्नायूबंधाची थोडी झीज किंवा बारीक फाट दिसते. त्या ओळी वाचून ऑपरेशनची भीती घेऊ नका. हाताने केलेली तपासणी आणि रिपोर्ट यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांना विचारा.

७. पुण्यात आधी कुणाकडे जावं?

फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. निदानासाठी एकदा अस्थिरोगतज्ज्ञांनी हाताने तपासलेलं बरं. खाजगी खर्च झेपत नसेल, तर ससून रुग्णालयात अस्थिरोगाचा बाह्यरुग्ण विभाग आणि फिजिओथेरपी दोन्ही आहे. सकाळी लवकर जा. जाताना जुने एक्स-रे, साखरेचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या, नुसती नावं सांगण्यात घोटाळा होतो. खांदा उघडा करता येईल असे सैल कपडे घाला.

फिजिओथेरपिस्टने पहिल्या भेटीत दोन्ही खांद्यांचे अंश मोजून लिहून ठेवले का, ते बघा. आकडे नसतील, तर दोन महिन्यांनी फरक पडला की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

८. रात्री झोपच लागत नाही. कसं झोपू?

पाठीवर झोपा आणि दुखऱ्या दंडाखाली, कोपरापासून खांद्यापर्यंत, घडी घातलेली चादर ठेवा. कोपर अंगाच्या पातळीखाली गेलं की आवरणाचा पुढचा भाग ताणला जातो आणि ठणका सुरू होतो. चादरीने नेमकं तेच टळतं. पंजा पोटावर ठेवा. कुशीवरच झोप लागत असेल, तर चांगल्या बाजूला वळा आणि समोर जाड उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर टाका. दुखऱ्या कुशीवर झोपू नका.

डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी दिवसा घेत असाल, तर तिची वेळ रात्रीच्या जेवणानंतर आणता येते का, हे विचारा. तरीही आठवडाभर झोप उडत असेल, तर प्रश्न १३ पाहा.

९. दुखण्याच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या?

आधी पॅरासिटामॉल. त्याने भागलं नाही, तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टर काही दिवसांसाठी देतात. या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने महिनोन्महिने आणू नका: जठरात अल्सर, मूत्रपिंडावर ताण, रक्तदाब वाढणं हे त्यांचे नेहमीचे तोटे आहेत. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर धोका जास्त. गोळ्यांनी दुखणं कमी होतं, आखडलेपणा जात नाही.

१०. घरी कोणते व्यायाम करू? किती वेळा?

टप्प्याप्रमाणे करा. टप्पा ठरवायची खूण प्रश्न ५ मध्ये आहे. व्यायामापूर्वी दहा मिनिटं शेक घ्या किंवा गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर लगेच करा.

दुखण्याच्या टप्प्यात, दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटंच:

लोंबता हात. चांगला हात ओट्यावर टेकवा, कमरेतून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा. शरीर हलकं पुढे-मागे झुलवा म्हणजे हात आपोआप झुलेल. मग ताटाएवढी वर्तुळं. बहुतेक जण इथे खांद्याच्या स्नायूने हात फिरवतात आणि मग दुखतं. हात दोरीसारखा सैल हवा. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यविशारदांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. फ्रोजन शोल्डर हे नाव त्यांनीच १९३४ साली रूढ केलं.

टेबलावर सरकवणं. जेवणाच्या टेबलाशी बसा, पंजाखाली नॅपकिन ठेवा आणि धड पुढे झुकवत हात सरकवा. ताण जाणवला की पाच सेकंद थांबा, परत या. दहा वेळा.

आखडलेल्या आणि मोकळं होण्याच्या टप्प्यांत, दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं:

काठीने बाहेर फिरवणं. यादीतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा व्यायाम. पाठीवर झोपा, कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडीच्या मध्ये नॅपकिनची गुंडाळी. छत्री किंवा काठी दोन्ही हातांत आडवी धरा आणि चांगल्या हाताने दुखरा पंजा बाहेर ढकला. २०-३० सेकंद धरा, पाच वेळा. नॅपकिन खाली पडला, म्हणजे कोपर सुटलं आणि तुम्ही खांद्याऐवजी दंडच बाजूला नेताय.

झोपून हात डोक्यावर. चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचं मनगट धरा आणि छतापर्यंत, मग डोक्यामागे न्या. पाठ जमिनीवरून उचलू देऊ नका.

भिंतीवर बोटं चढवणं. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी वर चढा, जिथे थांबलात तिथे पेन्सिलीने खूण करा. चूक कुठे होते? खांदा कानाकडे उचलला जातो, खूण वर सरकते आणि सांधा मात्र तिथेच असतो. आरसा बाजूला ठेवून बघा.

पाठीमागून टॉवेल ओढणं सर्वांत शेवटी. हात पाठीमागे नेण्याची हालचाल बहुतेक सगळ्यांत उशिरा परत येते. दुखणं शांत होण्याआधी हा व्यायाम करू नका.

दाराला लावायची दोरी-पुली बरीच विकली जाते. तिसऱ्या टप्प्यात ठीक. पहिल्या टप्प्यात तिच्याने झटका बसतो आणि रात्र खराब जाते.

११. ‘दुखलं तरी जोर लावून हात वर करा, तरच सुटेल’ असं सगळे सांगतात. खरं आहे का?

नाही. सुजलेलं आवरण झटक्याने ओढलं की सूज वाढते, आणि माणूस भीतीने हात हलवणंच सोडतो. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेदनेच्या हद्दीत राहून हलके व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोकांचा खांदा दोन वर्षांनी जवळपास पूर्ववत झाला होता. वेदना ओलांडून जोरदार ताणणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६३ टक्के होतं.

मोजमाप असं ठेवा: शून्य ते दहामध्ये तीन-चारपर्यंतचं दुखणं चालेल, आणि व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात ते मूळ पातळीवर यायला हवं. संध्याकाळपर्यंत ठणका राहिला किंवा त्या रात्री झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी ताण निम्मा करा. व्यायाम पूर्ण बंद मात्र करू नका.

१२. शेक, मालिश, मशीन आणि हाडवैद्य यांचा उपयोग होतो का?

शेकाने स्नायू सैल पडतात, म्हणून व्यायामाआधी १०-१५ मिनिटं जरूर घ्या. पिशवीला टॉवेल गुंडाळा. मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असेल, तर भाजलेलं कळतही नाही. हलक्या हाताने तेल चोळलं तर बरं वाटतं, त्यात गैर काही नाही. मात्र तेल आतल्या आवरणापर्यंत पोहोचत नाही.

फिजिओथेरपीतल्या विजेच्या आणि लहरींच्या मशीनने काही तास आराम मिळतो. रोज जाऊन फक्त मशीन लावून परत येत असाल आणि कुणी हाताने खांदा हलवत नसेल, व्यायाम शिकवत नसेल, तर पैसे वाया चालले आहेत. पेसमेकर असेल तर शॉर्टवेव्ह आणि विजेची मशीन लावण्याआधी तसं स्पष्ट सांगा.

झटका देऊन खांदा ‘बसवणाऱ्या’कडे जाऊ नका. इथे काहीच सरकलेलं नसतं, त्यामुळे बसवण्यासारखंही काही नसतं. हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या दंडाचं हाड अशा झटक्याने मोडू शकतं.

१३. डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणतात. भीती वाटते. घ्यावं का?

पहिल्या टप्प्यात असाल आणि रात्रीची झोप उडाली असेल, तर आमचं स्पष्ट मत: घ्या, आणि लवकर घ्या. सूज असते तेव्हाच त्याचा खरा उपयोग. वर्षभराने, आवरण ताठ होऊन ठणका थांबल्यावर घेतलं, तर फारसं काही हाती लागत नाही.

साधारणपणे ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, सोबत बधिर करणारं औषध, बहुधा खांद्याच्या मागच्या बाजूने सांध्यात देतात. सोनोग्राफीवर बघत दिलं तर सुई नेमकी आत गेल्याची खात्री होते. आराम साधारण सहा ते बारा आठवडे टिकतो. हे आठवडे झोपून घालवू नका: दोन-तीन दिवस जड काम टाळा, मग प्रश्न १० मधले व्यायाम वाढवत न्या. इंजेक्शनने उघडलेली ही वेळ वापरली नाही, तर खांदा पुन्हा तिथेच येतो, आणि ‘इंजेक्शनचा उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांत असे लोक पुष्कळ असतात.

पहिले एक-दोन दिवस काहींना दुखणं वाढतं, बर्फाने उतरतं. सांध्यात जंतुसंसर्ग फार क्वचित होतो, पण ताप येऊन खांदा लाल-गरम झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी, कुठलाही चालू जंतुसंसर्ग आणि औषधाची ॲलर्जी हे आधी सांगायचं. एका सांध्यात एकामागून एक इंजेक्शनं घेत राहू नये. बहुतेक डॉक्टर वर्षात तीनच्या पुढे जात नाहीत.

खेळाडू स्नायू वाढवायला घेतात ती स्टेरॉइड वेगळी. या एका इंजेक्शनची सवय लागत नाही.

१४. मला मधुमेह आहे. मग हे इंजेक्शन चालेल का?

चालतं, तयारीनिशी. पहिल्या एक-दोन दिवसांत साखर चढते आणि बहुधा आठवड्याभरात खाली येते. तो आठवडा घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजा. इन्शुलिन घेत असाल, तर मात्रा कशी बदलायची हे आधीच विचारून ठेवा. आपल्या मनाने वाढवू नका. लागोपाठ दोनदा ३०० च्या वर आकडा आला, तर फोन करा. २० आणि ४० मिलिग्रॅमच्या परिणामांत फारसा फरक आढळलेला नाही, त्यामुळे कमी मात्रा देता येईल का, हे विचारायला संकोच नको. साखर आधीच फार चढलेली असेल, तर बहुतेक डॉक्टर ती खाली आणून मगच सुई टोचतात.

१५. ‘पाणी भरून सांधा फुगवतात’ ते काय असतं?

हायड्रोडायलेटेशन. सोनोग्राफी किंवा एक्स-रेखाली बघत सांध्यात सलाइन, बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड मिळून २० ते ४० मिलिलिटर भरतात, त्याने आवळलेलं आवरण ताणलं जातं. भरताना दाब जाणवतो, काही मिनिटं बरंच दुखतं. त्याच दिवशी घरी जाता येतं. साध्या इंजेक्शनने गुण आला नाही आणि ऑपरेशन नको आहे, अशांसाठी विचार करण्याजोगं. पुढचे व्यायाम इथेही चुकत नाहीत.

१६. भूल देऊन हात मोकळा करणं किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन कधी करायचं?

घाईने नाही. योग्य उपचार मनापासून सहा महिने करूनही रोजचं जगणं अडलं असेल, तेव्हा. भूल देऊन हात फिरवला की आवळलेलं आवरण फाटतं आणि हालचाल लगेच वाढते. ठिसूळ हाडात दंडाचं हाड मोडण्याचा धोका असतो. दुर्बिणीतून आवरण बघून कापता येतं, पण त्यात खर्च आणि गुंतागुंत जास्त.

ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांतल्या ५०३ रुग्णांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी, भूल देऊन मोकळं करणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन असे तीन गट होते. वर्षाअखेर तिन्ही गट सुधारले, आणि एक उपाय दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. ‘ऑपरेशनशिवाय पर्याय नाही’ असं पहिल्याच भेटीत कुणी म्हणालं, तर दुसरं मत घ्या.

ऑपरेशन झालंच, तर व्यायाम त्याच किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतात. पहिल्या सहा आठवड्यांत टाळाटाळ केली, तर खांदा पुन्हा आखडतो.

१७. दुचाकी, स्वयंपाक, कपडे घालणं... रोजचं कसं निभावू?

दुचाकी: गाडी स्टँडवर लावून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा आणि ब्रेक कचकन दाबून बघा. कळ येऊन हात आपोआप मागे येत असेल, तर चालवू नका. लक्ष्मी रोडच्या गर्दीत अचानक ब्रेक लावताना ती कळ महागात पडेल. गाडी मेन स्टँडवर ओढू नका, साइड स्टँड वापरा. पीएमपीच्या बसमध्ये वरचा दांडा सोडून सीटच्या पाठीचा दांडा चांगल्या हाताने धरा.

स्वयंपाकघर: रोज लागणारे डबे आणि कुकर कमरेच्या उंचीवर आणा. माळ्यावरची कामं दुसऱ्याला सांगा. पोळ्या लाटताना ओटा उंच वाटत असेल, तर पायाखाली पाट घ्या. कोपर अंगाजवळ राहतं आणि खांद्यावर भार येत नाही. कणीक मळून देणारं कुणी असेल तर उत्तम.

कपडे: घालताना दुखरा हात आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. पाठीमागच्या हुकांचे ब्लाउज काही महिने बाजूला ठेवा, पुढून हुक असलेले घाला. खिशातलं पाकीट मागून पुढे आणा.

हात गळ्यात बांधून मात्र ठेवू नका. आखडण्याला त्याने मदतच होते.

१८. योगासनं आणि सूर्यनमस्कार चालू ठेवू का?

पहिल्या टप्प्यात सूर्यनमस्कार बंद. अंगाचा भार हातांवर येतो. प्राणायाम, पायांची आसनं, चालणं, पर्वती चढणं खुशाल चालू ठेवा. दुसऱ्या टप्प्यानंतर पट्टा, दोरी, खुर्ची यांच्या आधाराने केलेली आसनं उपयोगी पडतात, आणि बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीमुळे पुण्यात अशा साधनांसह शिकवणारे सहज मिळतात. शिक्षकांना वर्गाच्या सुरुवातीलाच खांद्याची कल्पना द्या. अधोमुख श्वानासन आणि गोमुखासनातले हात सर्वांत शेवटी.

१९. माझा डावा खांदा आखडलाय. गणपतीत पथकात ढोल वाजवता येईल का?

पहिल्या टप्प्यात नाही. ढोलाचं वजन कमरेवर असलं तरी एका हाताने टिपरू आणि दुसऱ्याने थापी, असा मार तासन्‌तास खांद्यावर येतो. ध्वज नाचवणं तर कोणत्याच टप्प्यात नको. तिसऱ्या टप्प्यात असाल, रात्री दुखत नसेल आणि हात खांद्याच्या उंचीच्या वर जात असेल, तर सरावाला दहा मिनिटांपासून सुरुवात करून दुसऱ्या दिवशीचा अंदाज घेत वाढवा. विसर्जनाच्या दिवशी एकदम चार तास वाजवायचे नाहीत. झांज कोपर अंगाजवळ ठेवून वाजवता येते, तो मधला मार्ग.

२०. एक खांदा बरा झाला. आता दुसऱ्याला होईल का? पुन्हा त्याच खांद्याला?

त्याच खांद्याला पुन्हा होणं दुर्मिळ. दुसऱ्या खांद्याला होऊ शकतं, मधुमेहात जास्तच. बाहेर फिरवायची चाचणी (प्रश्न २) महिन्यातून एकदा करत जा. लवकर लक्षात आलं, तर इंजेक्शनचा फायदाही पुरेपूर मिळतो.

२१. वय ३२ आहे, तरी डॉक्टर फ्रोजन शोल्डर म्हणतात. आणि ७४ वर्षांच्या आईलाही तेच सांगितलंय. बरोबर आहे का?

दोन्ही वयांत थोडं थांबून विचार करा. चाळिशीच्या आत हा आजार कमी. झालाच तर मधुमेह आणि थायरॉइड नक्की तपासायचे. सत्तरीनंतर हात वर जात नसेल, तर सांध्याची झीज किंवा फाटलेला स्नायूबंध याची शक्यता आधी धरायची. झीज एक्स-रेत दिसते. निदान बदललं की उपचारही बदलतात.

२२. भावाला फिट आली होती. तेव्हापासून हात बाहेर वळतच नाही. हेही फ्रोजन शोल्डरच का?

आधी तसं समजू नका. फिट येताना किंवा विजेचा शॉक बसल्यावर स्नायू इतक्या जोराने आकसतात, की खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. समोरून काढलेल्या नेहमीच्या एक्स-रेत तो सहज नजरेतून सुटतो, आणि लक्षण अगदी फ्रोजन शोल्डरसारखं: हात बाहेर फिरत नाही. बाजूने किंवा काखेतून घेतलेला एक्स-रे मागा, गरज पडली तर सीटी स्कॅन. अशा खांद्याला व्यायाम देणं घातक. पडल्यानंतर लगेच अडकलेल्या खांद्यालाही हाच नियम.

२३. ऑपरेशन, प्लास्टर किंवा पक्षाघातानंतर खांदा आखडू नये म्हणून काय करावं?

मनगटाचं प्लास्टर असेल, तर खांदा मोकळा आहे हे विसरू नका: दिवसातून चार वेळा हात पूर्ण वर न्या. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हलके व्यायाम लवकर सुरू करतात. हात खांद्याच्या वर कधी न्यायचा, हे जखमेतलं पाणी काढणारी नळी निघाल्यावर शल्यविशारदांना विचारा. पेसमेकर बसवल्यावर काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, पण भीतीने तो अंगाशी बांधून ठेवला की खांदा आखडतो. खांद्याखालच्या हालचाली करत राहा.

पक्षाघातातला खांदा वेगळाच असतो. स्नायू लुळे पडल्याने सांधा सैल होतो, म्हणून अंघोळीला उठवताना रुग्णाचा हात ओढू नका, काखेतून उचलू नका. दोरी-पुली तर त्यांना अजिबात देऊ नका.

२४. कोणती लक्षणं दिसली तर वाट बघायची नाही?

जिना चढताना डाव्या खांद्यात किंवा हातात दुखतं, छाती भरून येते, घाम फुटतो: हृदयाचा प्रश्न असू शकतो, १०८ ला फोन करा. ताप आणि लाल, गरम, सुजलेला खांदा: त्याच दिवशी रुग्णालय. वजन उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, खोकला आहे, दंड झपाट्याने बारीक होतोय: खांद्याचा क्षय किंवा फुफ्फुसाच्या टोकाची गाठ असू शकते. खांद्याच्या क्षयाचा एक कोरडा प्रकार सूज न येता खांदा आखडवतो, त्यामुळे तो फ्रोजन शोल्डर समजला जातो. एक्स-रे छातीचाही काढून घ्या. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि मांड्या सकाळी तासभर ताठ राहत असतील, तर ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) तपासा. पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर डॉक्टरांना ते पहिल्याच वाक्यात सांगा.

२५. दोन वर्षं झाली. दुखत नाही, पण हात पाठीमागे पूर्ण जात नाही. आता काही करण्यासारखं आहे का?

चांगल्या हाताचा अंगठा पाठीवर कुठवर पोहोचतो आणि दुखऱ्याचा कुठवर, ते घरच्यांकडून बघून घ्या. मणक्यांच्या दोन-तीन घरांचाच फरक असेल आणि कामं अडत नसतील, तर आणखी उपचारांची गरज नाही. असा थोडा फरक अनेकांत राहतो. फरक मोठा असेल, तर गरम पाण्याच्या अंघोळीनंतर टॉवेलचा आणि काठीचा व्यायाम रोज दहा मिनिटं, तीन महिने करा आणि दर महिन्याला मोजा. दोन वर्षांनंतरही हालचाल थोडी वाढू शकते. तीन महिन्यांत आकडा जागचा हललाच नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडून पुन्हा एकदा तपासून घ्या, आणि स्नायूबंध फाटला आहे का, हे या वेळी मुद्दाम बघायला सांगा.